एजंटला विळा कसा ओळखू येणार?

(अभ्यासलेख : तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)

माझं गाव मुरबाड तालुक्यातलं धसई. एकदा भातकापणीला शहरातला मावसभाऊ आला होता. काकांनी त्याला सांगितलं, "पडवीतून कापायचं हत्यार आण रे." पठ्ठ्या कोयता घेऊन हजर! काका म्हणाले, "अरे, भात कापायचाय, झाड नाही!" सगळे हसले. पण खरं सांगू? चूक त्याची नव्हती. पडवीत विळाही होता आणि कोयताही. दोन्ही 'कापायचंच' हत्यार. त्याला मिळालेलं वर्णनच अपुरं होतं.

आज एआय एजंटची हीच गत होते. एजंट म्हणजे नुसतं उत्तर देणारं नव्हे, तर दिलेल्या सॉफ्टवेअर साधनांतून, म्हणजे टूल्समधून, योग्य ते निवडून चालवणारं भाषा-मॉडेल. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रोपिक कंपनीने यासाठी 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल', थोडक्यात एमसीपी, हे खुलं मानक जाहीर केलं. त्यात एजंटला साधन कळतं ते मुख्यतः तीन गोष्टींवरून : नाव, वर्णन आणि इनपुटचा आराखडा. आतला कोड त्याला दिसत नाही. म्हणजे आपण सबमिशनच्या आदल्या रात्री घाईघाईने खरडतो तशी ही कॉमेंट नाही. हे वर्णन वाचूनच एजंट निर्णय घेतो.

आता असं वर्णन तपासायचं कसं? उदाहरणाला सजगतेचं, म्हणजे माइंडफुलनेसचं साधन घेऊ. समजा त्याचं वर्णन असं आहे :

"तुमच्या मनःशांतीचा सोबती. ताणतणावाला करा बाय-बाय!"

जाहिरात म्हणून ठीक. एजंटसाठी मात्र जवळजवळ शून्य. मी 10 गुणांची पत्रिका तयार केली आहे. प्रत्येक मुद्द्याला 2 गुण.

1) नेमकं काम काय? 'श्वासाचा व्यायाम' एवढ्याने भागत नाही. आपल्या शहापूरच्या पुढे कसारा घाट चढला की इगतपुरी. तिथल्या धम्मगिरीत 1976 पासून विपश्यनेची शिबिरं होतात. तिथे आधी शिकवतात ते आनापान : श्वास आहे तसा नुसता पाहायचा, त्याला वळण लावायचं नाही. प्राणायामात मात्र श्वास मुद्दाम लांबवतात, रोखतात. दोन्ही 'श्वासाचंच', पण काम वेगळं. साधन यातलं काय करतं ते पहिल्याच वाक्यात यायला हवं.

2) कधी वापरायचं आणि कधी नाही? 'सत्र सुरू करणे', 'मनःस्थितीची नोंद करणे' आणि 'जुन्या नोंदी दाखवणे' ही तीन साधनं शेजारी असतील, तर प्रत्येकाने आपली हद्द सांगायला हवी. विळा-कोयत्याचा घोळ होतो तो इथेच.

3) इनपुट स्पष्ट आहे का? 'कालावधी : 5' म्हणजे 5 मिनिटं की 5 सेकंद? एकक, कमीत कमी व जास्तीत जास्त मर्यादा, आणि काहीच न दिल्यास काय होईल, हे लिहिलंच पाहिजे.

4) मागे काय उरतं? साधन नुसतं वाचतं, की नोंद साठवतं? नोंद पुसता येते का? मनाची नोंद म्हणजे खासगी डायरीच. एमसीपीमध्ये 'फक्त वाचणारं', 'नाश करू शकणारं' असे इशारे साधनाला जोडता येतात. पण ते इशारेच. साधन बनवणारा विश्वासाचा नसेल तर त्यांवर विसंबू नये, असं मानकच सांगतं.

5) परत काय मिळतं? डिसेंबर 2016 मध्ये आमची धसई राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजली. त्या कार्ड मशीनची पावती आठवा. व्यवहार झाला की नाही, एवढंच ती सांगते. घेतलेला माल चांगला निघाला का, ते नाही. तसंच इथे. 'सत्र पूर्ण' याचा अर्थ फक्त टायमर संपला. माणूस शांत बसला होता की मेसच्या रांगेत उभा होता, हे साधनाला कळत नाही. वर्णनात हे नसेल, तर एजंट खुशाल म्हणेल, "छान, आता तुमचा ताण कमी झालाय!"

आता तेच वर्णन पुन्हा लिहून बघू :

"श्वासाकडे लक्ष देण्याचं ध्वनी-मार्गदर्शित सत्र सुरू करते. श्वास नियंत्रित करायला सांगत नाही. वापरकर्त्याने स्वतः सत्र मागितल्यावरच वापरा. कालावधी मिनिटांत, 3 ते 20. न दिल्यास 5. सत्राची वेळ साठवते, मनःस्थिती साठवत नाही. टायमर संपल्याचं कळवते. परिणाम मोजत नाही. हा उपचार नाही. जिवाला धोका असल्याचं बोलणं आल्यास हे साधन चालवू नका. माणसाची मदत सुचवा."

वाक्यं साधी, पण कामाची. अजून पाल्हाळ लावायचं कारण नाही. वर्णन एजंटच्या संदर्भात जागा अडवतं आणि साधनं वाढली की गर्दी होते.

शेवटचं वाक्य मात्र जागेसाठीही कापू नका. हॉस्टेलमध्ये रात्री दोन वाजता कुणी टाइप करतो, "झोप येत नाही, जगावंसं वाटत नाही." 'ताणतणावाला बाय-बाय' वाचलेला एजंट त्याच्यापुढे 5 मिनिटांची घंटा वाजवेल. साधन बिघडलेलं नसेल, कोडमध्ये बगही नसेल, आणि तरी मोठी चूक होईल. अशा वेळी लागतो माणूस : रूम पार्टनर, रेक्टर सर, किंवा ऑक्टोबर 2022 पासून चालू असलेली सरकारची टेली-मानस सेवा, क्रमांक 14416, मोफत आणि चोवीस तास.

आता गृहपाठ. तुमच्या प्रोजेक्टमधल्या एका साधनाचं वर्णन कागदावर लिहा. शेजारच्या रूममधल्या मित्राला फक्त तो कागद द्या. कोड दाखवायचा नाही, तोंडी समजावायचं नाही. मग त्याला दहा वाक्यं वाचून दाखवा : पाच, जिथे साधन वापरायलाच हवं आणि पाच, जिथे मुळीच नको. तो जिथे अडखळला, तिथे खोट मित्रात नाही, वर्णनात आहे. दुरुस्त करा आणि दुसऱ्या मित्राला गाठा.

आणि हो, काका आता "भाताचा विळा आण, दातेरी" असं सांगतात. मावसभाऊ चुकत नाही.