"तुम्ही पैसे दिले नाहीत" की "पैसे बाकी आहेत"? ग्राहकाला मेसेज लिहिताना



व्हॉट्सॲपवर मालाचे फोटो कसे टाकायचे, हा व्हिडिओ पाहून तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आपापले मेसेज मला बघायला पाठवले. फोटो छान आहेत, भावही ठीक आहेत. पण फोटोखालच्या दोन ओळी वाचून मीच ग्राहक असते तर पुढे गेले नसते. म्हणून आज फक्त त्या दोन ओळींबद्दल बोलू. मी मराठीची शिक्षिका नाही. बीबीए केलं आणि साड्यांच्या दुकानात बसले. त्यामुळे इथे जे सांगते ते पुस्तकातलं कमी आणि गल्ल्यावरचं जास्त आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. दुकान सुरू करून दुसरं वर्ष होतं. आमच्या गल्लीतल्या एक काकू दर सणाला साड्या न्यायच्या, आणि सोबत दोन मैत्रिणींना आणायच्या. एकदा त्यांच्याकडे १,८५० रुपये राहिले. महिना उलटला तेव्हा मी मेसेज केला: "तुम्ही अजून १८५० रुपये दिले नाहीत. लवकर द्या." अर्ध्या तासात त्यांचा मुलगा पैसे घेऊन आला. मला वाटलं, वा, काम झालं! पण त्यानंतर दोन दिवाळ्या काकू दुकानाची पायरी चढल्या नाहीत. पुढे एका लग्नात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, पैसे मागितलेस त्याचं काही नाही. पण 'दिले नाहीत' असं लिहिलंस, मुलानं वाचलं ते."

आता त्या वाक्याकडे बघा. व्याकरणात एकही चूक नाही. पण वाक्य "तुम्ही"पासून सुरू होतं आणि "नाहीत"वर संपतं, म्हणजे बोट सरळ माणसाकडे जातं. तेच असं लिहिलं असतं तर: "काकू, नमस्कार. १२ तारखेच्या खरेदीतले १,८५० रुपये बाकी आहेत. शनिवारपर्यंत जमेल का?" यात बाकी कोण आहेत, तर पैसे. काकू कुठेच अडकलेल्या नाहीत. रक्कम आहे, तारीख आहे, मुदतही आहे, म्हणजे मागणी जराही ढिली झालेली नाही. जुन्या वहीखात्यात "जमा" आणि "नावे" अशा दोनच बाजू असायच्या. कोणी दिलं नाही असा रकाना कधी नव्हता.

मात्र चूक आपली असेल तेव्हा हे बरोबर उलटं करायचं. इथे बहुतेक जण घसरतात. पार्सल उशिरा गेलं की आपण काय लिहितो? "काही कारणाने पार्सल उशिरा गेलं." कोणामुळे गेलं? कोणामुळेच नाही, पार्सल आपलं आपणच उशिरा निघालं! ग्राहकाला हे लगेच कळतं. "पार्सल पाठवायला माझ्याकडून दोन दिवस उशीर झाला, आज दुपारी पाठवलंय" असं लिहा. ग्राहकाच्या उधारीत माणूस वाक्यातून काढायचा आणि स्वतःच्या चुकीत स्वतःला वाक्यात घालायचं. मी हे शिकले तेव्हापासून भांडणं निम्म्यावर आली, हा माझ्या दुकानापुरता अनुभव.

दुसरा शब्द "आपण". हा शब्द गोड आहे, पण पैशाच्या बाबतीत धोकादायक. मराठीत "आम्ही" म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, "आपण" म्हटलं की तो आत येतो. हिंदीच्या "हम"मध्ये किंवा इंग्रजीच्या "वी"मध्ये हा फरकच नाही, आपल्याकडे तो फुकट मिळालाय. म्हणून "आपल्या दुकानात नवीन माल आलाय" हे "आमच्या दुकानात"पेक्षा जवळचं वाटतं. पण "आपण"चा आणखी एक अर्थ आहे, आदरार्थी "तुम्ही". एका बचत गटाची चाळीस साड्यांची ऑर्डर होती. मी मोठ्या आदराने लिहिलं, "ट्रान्सपोर्टचा खर्च आपण करायचा आहे." माझ्या मनात "आपण" म्हणजे "तुम्ही". ताईंनी वाचलं, "आपण" म्हणजे दोघी मिळून. खर्च ९०० रुपये होता, त्यांनी प्रामाणिकपणे ४५० पाठवले. चूक त्यांची नव्हतीच, उरलेले ४५० मी भरले. तेव्हापासून स्वागताला "आपलं दुकान", आणि खर्च, मुदत, ॲडव्हान्स यांत स्वच्छ "तुम्ही" नाहीतर "दुकानाकडून".

असाच फसवा शब्द "परवा". बोलताना अडचण येत नाही, कारण "परवा दिला" की "परवा देते" हे क्रियापद सांगतं. पण ग्राहक विचारतो "पार्सल कधी?" आणि आपण घाईत एकच शब्द टाइप करतो, "परवा". समोरच्याला वाटतं दोन दिवसांपूर्वीच निघालं, आणि तो पोस्टमनची वाट बघत बसतो. तारीख लिहा, संपलं.

भाव फोनवर सांगतानाही हेच. आपल्या किमती ९ वर संपतात, आणि मराठीत नेमके तेच आकडे घोळाचे. एकोणसाठ म्हणजे ५९, एकोणसत्तर म्हणजे ६९, एकोणऐंशी म्हणजे ७९. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला "पाचशे एकोणसत्तर" सांगितलं तर ती ५७९ ऐकू शकते. "पावणेदोनशे" म्हणजे १७५ हेही आता सगळ्यांना पटकन उमजत नाही. मला हे शब्द आवडतात, मी दुकानात वापरतेच. पण फोन ठेवल्यावर आकड्यात मेसेज करते.

आता तुमचा सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न: "मिळेल" की "भेटेल"? प्रमाण मराठीत माणसं भेटतात आणि वस्तू मिळते. पण राज्याच्या अनेक भागांत लोक बोलताना सर्रास "दूध भेटेल का" म्हणतात आणि कोणाचं काही अडत नाही. यावरून ग्राहकाला किंवा कामावरच्या मुलाला हसणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. गल्ल्यावर तुमच्या गावचं बोला, ग्राहकाला तेच आपलं वाटतं. पाटीवर आणि छापील पत्रकावर मात्र "मिळेल" लिहा. कारण सरळ आहे: "मिळेल" वाचून कोणीच थबकत नाही, "भेटेल" वाचून काही जण थबकतात आणि पुढचा भाव वाचायचं विसरतात.

हिंदीतून आलेल्या सवयींवर थोडं लक्ष ठेवा. "पेमेंट झाली" नाही, "पेमेंट झालं". "साड्या उपलब्ध आहे" नाही, "आहेत". "माझी मदत करा" नाही, "मला मदत करा". "छूट" नाही, "सूट". (यात माझी एक गंमत झालीये. "ड्रेस मटेरियलवर सूट" अशी पाटी लावली, तर दोघी आत येऊन म्हणाल्या, सूट दाखवा! आता मी "२० टक्के सूट" असंच लिहिते.) "दिवाळी" पहिली वेलांटी, पण "दीपावली" दुसरी. "हार्दिक"मध्ये "र्दि" ऱ्हस्व. फ्लेक्स छापायला देण्याआधी एवढं तरी बघाच, छापल्यावर दुरुस्त होत नाही आणि पैसेही परत येत नाहीत.

पैसे परत म्हटल्यावर शेवटची पाटी आठवली: "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." व्याकरण शंभर टक्के बरोबर. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. म्हणजे ही पाटी तुम्हाला वाचवत नाही, उलट फोटो काढून पुरावा म्हणून वापरता येते. माझ्या बिलावर आता असं आहे: "साडीत दोष आढळल्यास ७ दिवसांत बिलासह आणावी. बदलून मिळेल किंवा पैसे परत मिळतील. फॉल-पिको झालेली साडी केवळ रंग आवडला नाही म्हणून बदलून मिळणार नाही." तीन वाक्यं झाली, पण काउंटरवरचे वाद थांबले. "आणावी" हे रूपही मुद्दाम घेतलंय. "आणा" म्हटलं की हुकूम वाटतो, "आणावी" हा नियम वाटतो, सगळ्यांना सारखाच.

गृहपाठ: आज रात्री तुमच्या फोनमधले उधारीचे शेवटचे तीन मेसेज उघडा. प्रत्येकाचा पहिला शब्द "तुम्ही" आहे का बघा. असेल तर तेच वाक्य रकमेपासून सुरू करून पुन्हा लिहा आणि दोन्ही रूपं खाली कमेंटमध्ये टाका, ग्राहकाचं नाव काढून. पुढच्या व्हिडिओत त्यातलेच चार-पाच घेऊ.

साडेनऊ झाले, दुकान वाढवायची वेळ झाली. "बंद करते" असं आमच्या सासूबाई म्हणू देत नाहीत.