वजाचं चिन्ह वरच राहतं

चि. सोनूस,


परवा फोनवर म्हणालीस, "मामा, आता एआयकडून पेपर काढायला मला पाच मिनिटं लागतात." खोटं कशाला बोलू, हेवा वाटला. माझ्या क्लासच्या सुरुवातीला चाचणीचा पेपर म्हणजे अख्खा रविवार खर्ची. स्टेन्सिल टाइप करून आणायची, चूक दिसली की लाल द्राव लावून फुंकर मारत बसायचं, मग सायक्लोस्टाइलचं हँडल फिरवायचं. सोमवारी जेवतानासुद्धा बोटांना शाईचा वास. त्यामुळे एआय म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. खुशाल वापर. पण तू पाठवलेली वर्गसमीकरणांची सरावपत्रिका मी पेन घेऊन सोडवली, आणि म्हणून हे पत्र.

सातवं उदाहरण बघ. आयताकृती बागेची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटरने जास्त, क्षेत्रफळ १६० चौरस मीटर. समीकरण मांडलं, विवेचक आला ६६५. त्याचं वर्गमूळ काही सरळ सुटत नाही. आणि उत्तरसूचीत ऐटीत लिहिलंय: रुंदी १०, लांबी १६. गुणाकार जुळला, फरक मात्र ६ चा! माणूस चुकतो तेव्हा कुठेतरी अडखळतो, खाडाखोड करतो, आणि त्यावरून आपल्याला संशय येतो. इथे खाडाखोडच नाही. पुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधत ही यंत्रं लिहितात. आकडाही त्यांना तसाच शोभून दिसतो. तेव्हा स्वतः सोडवल्याशिवाय एकही उदाहरण झेरॉक्सला द्यायचं नाही. पेपर पाच मिनिटांत झाला ना, मग पाऊण तास तो सोडवण्यात घाल. तरी तुझा रविवार वाचतोच.

मागच्या पत्रिकेत 'समांतर श्रेणी' होती, अपूर्णांकाला 'हर' होता, आणि 'खालील समीकरणे हल करा' असंही. ही हिंदीतून आलेली पाहुणी मंडळी. बालभारतीच्या पुस्तकात अंकगणिती श्रेढी आहे, छेद आहे, आणि समीकरण आपण सोडवतो. बोर्डाच्या पेपरात पोरांना तेच शब्द भेटणार. ई-बालभारतीवर पुस्तकं फुकट मिळतात. त्यातलं पान आधी यंत्रापुढे ठेव आणि याच शब्दांत लिही असं बजाव. बराच फरक पडतो.

पालकांना यंत्रानं लिहिलेल्या निरोपाचा किस्सा तूच हसत सांगितलास, पण मला तो हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. "आपल्या पाल्याची शैक्षणिक वाटचाल आश्वासक असून सातत्यपूर्ण प्रयत्नांची आवश्यकता आहे." यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेल्या बापानं विचारलं, "मॅडम, म्हंजे पोरगं पास झालं का नापास?" असे निरोप आपल्याच हातानं लिहावेत. '४० पैकी १३ मिळाले, शनिवारी येऊन भेटा.' संपलं.

आता मुख्य गोष्ट. वह्यांचे फोटो काढून तपासायलाही यंत्रालाच देणार म्हणालीस. इथे मात्र थांब. माझ्याकडे एक मुलगी होती, बीजगणितात सतत चिन्हाच्या चुका. "चिन्हाची चूक" हे निदान यंत्रही करेल, मीही दोन महिने तेच तांबड्या शाईनं लिहीत होतो. मग एकदा तिच्या शेजारी बसून ती लिहिताना पाहिलं. समीकरण पानाच्या कडेला पोचलं की ती उरलेलं पद खालच्या ओळीत घ्यायची, आणि वजाचं चिन्ह वरच राहायचं. खाली पद बिनचिन्हाचं, म्हणून अधिक. वही आडवी धरायला सांगितली. पंधरा दिवसांत चुका गेल्या. तपासलेल्या वहीत ही गोष्ट दिसत नव्हती, लिहिणाऱ्या हातात दिसत होती. इचलकरंजीत तुझ्या गल्लीत मोठे क्लास आहेत, त्यांच्याकडे तुझ्यापेक्षा भारी सॉफ्टवेअर असणार. चाळीस पोरांपैकी कोण कुठे अडतं हे ठाऊक असणं, एवढंच तुझं भांडवल. ते गहाण टाकू नकोस.

शिवाय त्या फोटोंवर मुलांची नावं असतात, शाळा असते. १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, असं डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा म्हणतो. कायदा राहू दे, लोकांची लेकरं आहेत. एखादं उत्तर विचारायचंच असेल तर नाव झाकून विचार.

तुझ्या क्लासच्या नव्या फलकाबद्दल: 'एआय आधारित क्लास, ९५ टक्के हमखास' हा मजकूर यंत्रानं सुचवला की तुझ्या नवऱ्यानं, कोण जाणे. गुणांची हमी देऊ नये, असं कोचिंग क्लासविषयीच्या केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तुझा क्लास लहान असला तरी हमखास हा शब्द आपल्या धंद्यातला नव्हे. 'गणित, नववी-दहावी' पुरे.

वाचलेल्या वेळात दर आठवड्याला चार पोरांच्या शेजारी बस. पेन त्यांच्या हातात, तू गप्प.

दिवाळीत येशील तेव्हा वह्या घेऊन ये, मिळून बघू. आणि सातव्या उदाहरणात १६० चे १५० कर, पत्रिका वाटायच्या आधी.

तुझा,
मामा