पाळीव कुत्र्यातील फेफरे : ओळख, प्रथमोपचार व नियमित औषधोपचार



भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यात कुत्रा हा घराचा व शेताचा राखणदार. जवाहरनगर येथील आयुध निर्माणीच्या वसाहतीतील क्वार्टर असो की आसपासच्या गावातील गोठा, कुत्रा बहुतेक ठिकाणी दिसतोच. असा धडधाकट कुत्रा एखाद्या दिवशी अचानक आडवा पडतो, पाय ताठ करतो, तोंडाला फेस येतो. घरातील मंडळी घाबरून जातात. कोणी चप्पल हुंगवतो, कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, तर कोणी कुत्रा पिसाळला असे समजून काठी उचलतो. परंतु फेफरे येणारा प्रत्येक कुत्रा पिसाळलेला नसतो. नियमित औषधोपचाराने असे अनेक कुत्रे पुढे कित्येक वर्षे चांगले जगतात.

फेफरे म्हणजे काय?

मेंदूतील पेशींचे काम सूक्ष्म विद्युत संदेशांवर चालते. हे संदेश एकाएकी अनियंत्रित झाले की झटका येतो. एकदाच झटका आला म्हणजे अपस्मार (मिरगी) झाला असे म्हणता येत नाही. दुसरे कोणतेही कारण न सापडता झटके पुन्हा पुन्हा येऊ लागल्यास त्यास अपस्मार म्हणतात. हा विकार बहुधा ६ महिने ते ६ वर्षे या वयात सुरू होतो. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, बीगल यांसारख्या जातींत तो आनुवंशिकही असतो. म्हणून अशा नरापासून किंवा मादीपासून पैदास करू नये.

झटक्यापूर्वी काही कुत्रे बेचैन होतात, मालकाला चिकटून बसतात. प्रत्यक्ष झटक्यात शुद्ध हरपते, पाय झाडले जातात, लघवी किंवा शौच होते. हा झटका बहुधा एक ते दोन मिनिटांत आपोआप थांबतो. चप्पल व कांद्याचा गुण येतो असे वाटते ते यामुळेच. झटक्यानंतर कुत्रा काही मिनिटे ते काही तास गोंधळलेला असतो, भिंतीवर आपटतो, हपापल्यासारखे खातो. या वेळी तो घरच्या माणसालाही ओळखत नाही व चावू शकतो.

पिसाळणे व अपस्मार यांतील फरक

अपस्माराचा कुत्रा दोन झटक्यांच्या मधल्या काळात पूर्ववत खातो, पितो, हाकेला येतो. पिसाळलेल्या कुत्र्याचे तसे नसते. त्याचा स्वभाव व आवाज बदलतो, जबडा लोंबतो, गिळता येत नाही, प्रकृती दिवसेंदिवस ढासळते आणि लक्षणे दिसू लागल्यावर तो साधारणतः १० दिवसांच्या आत मरतो. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली नसेल तर धोका पत्करू नये. त्याला वेगळे बंदिस्त ठेवावे, लाळेला हात लावू नये. चावा घेतल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी व त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी.

झटक्याची इतर कारणे

१) विषबाधा : धानावर फवारलेली ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके पोटात गेल्यास लाळ गळते, हगवण लागते, बाहुल्या बारीक होतात व अंग थरथरते. बांधावर उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाईडचे आमिषही घातक असते. औषधाचा डबा किंवा वेष्टन डॉक्टरांकडे सोबत न्यावे.

२) डिस्टेंपर : लस न दिलेल्या पिलांत डोळ्या-नाकातून घाण, ताप व नंतर झटके.

३) व्यालेली मादी : विण्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत कॅल्शियम कमी पडून थरथर व ताठरपणा.

४) उष्माघात : मे महिन्याच्या उन्हात बांधून ठेवलेला कुत्रा.

यांचे उपचार वेगवेगळे असल्याने आधी कारण शोधावे लागते.

झटका आल्यावर काय करावे?

प्रथम घड्याळ पाहावे. साखळी सोडावी, गळ्यातील पट्टा सैल करावा. कुत्रा विहीर, बोडी, पायऱ्या किंवा चुलीजवळ असल्यास मागील बाजूने धरून हळूच दूर ओढावा. आवाज व उजेड कमी करावा. तोंडात हात, चमचा किंवा कापड घालू नये. कुत्रा जीभ गिळत नाही. पाणी, दूध अथवा औषध तोंडात ओतू नये, ते फुप्फुसात जाते. शक्य झाल्यास एकाने मोबाईलवर चित्रीकरण करावे. डॉक्टरांना निदानासाठी त्याचा मोठा उपयोग होतो.

झटका ५ मिनिटांपेक्षा जास्त चालला, किंवा २४ तासांत दोन वा अधिक झटके आले, तर ती तातडीची अवस्था समजावी. अंगाचे तापमान वाढत असल्याने वाटेत ओले कापड व वारा घालत पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. तपासणीची अधिक सोय नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आहे.

औषधोपचार

सहा महिन्यांत दोन किंवा अधिक झटके आल्यास, अथवा वरील तातडीची अवस्था एकदा जरी उद्भवली तरी, नियमित औषध सुरू करतात. माणसाच्या अपस्मारावर १९१२ पासून वापरात असलेले फिनोबार्बिटोन हेच कुत्र्यासाठीही प्रमुख औषध आहे. सुरुवातीची मात्रा साधारणतः दर किलो वजनास २.५ ते ३ मि.ग्रॅ., दर १२ तासांनी असते. म्हणजे २० किलोच्या कुत्र्यास प्रत्येक वेळी ५० ते ६० मि.ग्रॅ. परंतु वजन व तपासणीनुसार मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. हे औषध चिठ्ठीशिवाय घेऊ वा देऊ नये.

पहिले दोन आठवडे कुत्रा सुस्त राहतो, मागचे पाय लटपटतात; पुढे हे कमी होते. तहान, भूक व लघवी वाढते. भूक वाढली म्हणून भात-भाकरी वाढवू नये, वजन वाढते. रक्तातील औषधाचे प्रमाण दोन आठवड्यांनी व पुढे दर सहा महिन्यांनी यकृताच्या तपासणीसह पाहावे. गरजेनुसार पोटॅशियम ब्रोमाईड किंवा लेव्हेटिरासिटाम जोडतात. ब्रोमाईड चालू असताना आहारातील मीठ कमी-जास्त करू नये. पापड, सुकट यांनी मीठ वाढले की औषधाचा असर घटतो.

झटके थांबले म्हणून औषध एकदम बंद करणे ही सर्वात घातक गोष्ट होय. त्यामुळे पूर्वीपेक्षा तीव्र झटके येऊन कुत्रा दगावू शकतो. गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी आणून ठेवाव्यात. गोचिडांवरील काही नव्या गोळ्यांबाबत (आयसोक्साझोलिन गट) अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये झटक्यांचा इशारा दिला आहे; म्हणून गोचिडांचे औषध विचारूनच द्यावे.

नोंदवही ठेवा

तारीख, वेळ, झटका किती मिनिटे चालला, त्याआधी काय खाल्ले, शेतात कोणती फवारणी झाली होती, गोळी चुकली होती काय, हे एका वहीत लिहावे. औषधाने सर्वच कुत्र्यांचे झटके पूर्ण थांबतात असे नाही. परंतु महिन्याला येणारा झटका चार-सहा महिन्यांवर गेला, तर उपचार लागू पडला हे वहीवरूनच कळते. घरातील एकाच व्यक्तीकडे गोळी देण्याचे काम सोपवावे आणि रोवणी-कापणीच्या धांदलीत ती व्यक्ती शेतावर असेल तेव्हा दुसऱ्याला सांगून ठेवावे.