हुद्दा, हाक आणि माणूस

थाटीपुरात दर रविवारी सकाळी मी आठ-दहा मुलांना मराठी शिकवते. ही मुले घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी आणि इंग्रजी शिकतात आणि मराठी वाचताना अडखळतात. मध्यंतरी त्यांना ‘माझे आईबाबा काय करतात’ या विषयावर पाच वाक्ये लिहायला सांगितली. ‘बाबा एजीत आहेत.’ ‘बाबा रेल्वेत आहेत.’ ‘आजोबा मिलमध्ये होते.’ मी विचारले होते काय करतात. मुलांनी सांगितले कुठे आहेत. प्रश्न क्रियापदाचा होता, उत्तर सप्तमी विभक्तीत आले. एका मुलीनेच लिहिले होते, ‘आई ब्लाउज शिवते.’

मुलांची चूक नव्हती. आपण मोठी माणसेही असेच बोलतो. मराठीत धंदा माणूस करतो, तो चालतो किंवा बसतो; पण नोकरी ‘लागते’. ‘मुलाला नोकरी लागली’ या वाक्यात मुलगा कर्ता नाही. ताप लागावा, ठेच लागावी, तशी नोकरी त्याला लागते आणि पुढे ती ‘सुटते’. पोटापाण्याच्या कामाबद्दल बोलताना मराठी मध्यमवर्ग कर्तेपण असे सहज सोडून देतो. याचा माणसाच्या मनाशी काही संबंध असेल का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

ग्वाल्हेर हे त्यासाठी सोयीचे गाव आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेला स्थिरावली आणि त्या वस्तीचे नावच ‘लष्कर’ पडले. फौज गेली, संस्थान गेले, तरी आपली माणसे अजून ‘लष्करात राहतो’ म्हणून सांगतात. त्या फौजेमागून आलेल्या मराठी घरांची आडनावे पाहा. चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस, फौजेची हजेरी ठेवणारा सबनीस, खजिन्याचा हिशेब पाहणारा पोतनीस, तसेच फडणीस, जमेनीस, कारखानीस, दफ्तरदार. शेवटचा ‘नीस’ हा फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. एकेकाळी हे कामाचे नाव होते. वंशपरंपरेने ते घराचे नाव झाले. आज एखादा सबनीस दात काढतो आणि एखादी चिटणीस संगणकावर काम करते, पण पणजोबाचे कार्यालय त्यांच्या नावातून निवृत्त झालेले नाही.

हुद्द्याची नावे बदलण्याचा खटाटोपही जुनाच आहे. शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकानंतर रघुनाथपंडितांकडून राजव्यवहारकोश करवून घेतला. त्या काळी मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव, डबीराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. तो बदल नुसता शब्दांचा नव्हता. आपले राज्य कोणाचे आहे हे त्यातून सांगायचे होते. आमच्या मध्यप्रदेशात ‘चपराशी’चा ‘भृत्य’ झाला, तो मात्र कागदावरच. चपरास म्हणजे पट्ट्यावरचा पितळी बिल्ला. तो लावणारा चपराशी. अर्थात माणसाची ओळख बिल्ल्यावरून. बिल्ला गेला, संस्कृत शब्द आला, साहेबांच्या दाराबाहेरचे स्टूल तेच राहिले.

राजधानी हे ग्वाल्हेरचे पूर्वीचे काम. १९४८ मध्ये मध्यभारत झाला तेव्हा ही हिवाळी राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्यप्रदेश स्थापन झाला आणि राजधानी भोपाळला गेली. मागे राहिली ती कार्यालये: महालेखाकार, राजस्व मंडळ, परिवहन, आबकारी, भू-अभिलेख. म्हणजे राज्य गेले आणि दप्तर राहिले. मराठी घरांतल्या दोन पिढ्या या दप्तरांत गेल्या. थाटीपुरातल्या सरकारी क्वार्टर्समध्ये तर पत्ताही हुद्द्यावर मिळे. श्रेणी जशी, तशा खोल्या. कोणाच्या वडिलांना किती पगार आहे हे आम्हा मुलांना अंगणावरून कळत असे.

माझे वडीलही अशाच एका कार्यालयात (कोणत्या, ते सांगत नाही) हिशेब तपासत. गल्लीत त्यांना सगळे ‘बडे बाबू’ म्हणत. आईसुद्धा परक्यांसमोर तेच म्हणे. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावे लागले आणि आम्ही जवळच भाड्याने राहायला गेलो. नव्या गल्लीत ते ‘अंकल’ झाले. त्यांनी तक्रार केली नाही. मात्र महिनाअखेरीस दुधाच्या वहीवर बेरीज तपासून ते लघुस्वाक्षरी करत, खाली तारीख घालत. दूधवाल्याला त्याची गंमत वाटे. मला तेव्हा राग येई. आता वाटते, छत्तीस वर्षे ज्या खुणेने माणूस खरा ठरत होता, ती एका दिवसात कशी टाकावी?

या अवस्थेचा जगात बराच अभ्यास झाला आहे. ऑस्ट्रियातल्या मारिएनटाल गावची कापडगिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे राहून पाहणी केली. पुस्तक १९३३ मध्ये निघाले. त्यांनी माणसांच्या चालण्याची गतीसुद्धा मोजली. हाताशी भरपूर वेळ असलेले पुरुष रस्त्याने हळू चालत, मधेच थांबत. बायकांची चाल तेवढी मंदावली नव्हती, कारण घरकाम सुटले नव्हते. याहोडांनी पुढे मांडले की नोकरी पगाराबरोबर दिवसाला आकार, चार माणसांची संगत आणि समाजात जागाही देते. हे वाचताना मला आमची बिर्लानगरची जे. सी. मिल आठवते. १९२१ साली सुरू झालेली ही गिरणी १९९० च्या दशकात बंद पडली. ‘आजोबा मिलमध्ये होते’ हे वाक्य तिथलेच.

पण नोकरी असली म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. लंडनच्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला, त्यात सुमारे १८ हजार पुरुष होते. कोणीही उपाशी नव्हते, तरी सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक निघाले. धूम्रपान, रक्तदाब वगैरे धरूनही हा फरक पुरता उलगडला नाही. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात स्त्रियाही घेतल्या. त्यात एक गोष्ट पुढे आली: आपल्या कामावर आपला किती ताबा आहे, याचा प्रकृतीशी संबंध असतो. ‘लागलेल्या’ नोकरीत कर्ता कुठे आहे, हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही, असे मी म्हणते ते यासाठी.

एक अपवाद नोंदवते. भा. रा. तांबे संस्थानी नोकऱ्या करत राहिले. १९४१ मध्ये त्यांचे निधन ग्वाल्हेरलाच झाले. लोकांना त्यांच्या नोकऱ्या आठवत नाहीत, कवी आठवतो. पण त्यांनाही आपण ‘राजकवी’ म्हणतोच. म्हणजे कवितेलाही दरबाराने पद दिले!

आता शिक्षकांकडे येते, कारण या अंकाचे बरेच वाचक शिक्षक आहेत. १९९७ च्या शिक्षण हमी योजनेत मध्यप्रदेशाने गावोगाव शिक्षक नेमले आणि त्यांचे अधिकृत पदनाम ठेवले ‘गुरुजी’. ज्या हाकेत मान होता, ती तुटपुंज्या मानधनाची श्रेणी झाली. महाराष्ट्रात २००० साली ‘शिक्षणसेवक’ आला. आमच्या महाविद्यालयांत ‘अतिथी विद्वान’ आहेत. पाहुण्याला मान असतो. पाहुण्याने किती दिवस राहायचे, हे मात्र यजमान ठरवतो.

माझी भाची अकरा वर्षे अशी पाहुणी आहे. ती रसायनशास्त्र शिकवते आणि चांगले शिकवते. वडिलांना पद सोडवले नाही, तिला ते अजून मिळालेच नाही. गेल्या जूनमध्ये मुलाच्या शाळेचा अर्ज भरताना ती ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यापाशी थांबली. “मावशी, अतिथी लिहू की विद्वान?” तिने हसत विचारले, पण पेन बराच वेळ तसेच राहिले. शेवटी मी म्हटले, क्रियापद लिही. तिने लिहिले, ‘रसायनशास्त्र शिकवते.’

दोन दिवसांनी अर्ज परत आला. त्या रकान्याभोवती पेन्सिलीने गोल केला होता आणि बाजूला लिहिले होते, ‘पद लिहावे.’