हो म्हटल्यावर मर्जी संपते

चि. अनिकेत,

राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घालावं का, असं तू विचारलंस आणि सगळे जण दहा मार्कांसाठीच जातात, हेही लिहिलंस. मार्कांसाठी गेलास तरी माझी हरकत नाही. आत जाऊन काय करतोस, एवढंच मी बघेन.

ही योजना थेट ऐच्छिक म्हणून जन्मली नाही. १९५९ साली चिंतामणराव देशमुखांच्या समितीने सुचवलं होतं की, शाळा संपवून कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते वर्षभर सक्तीने राष्ट्रसेवा करावी. खर्च आणि अंमलबजावणीच्या अडचणींपायी ते बारगळलं. पुढे शिक्षणतज्ज्ञ सैयदैन यांनी इतर देशांतल्या पद्धती अभ्यासून ऐच्छिक सेवेची शिफारस केली आणि गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत योजना सुरू झाली. घटनेचं कलम २३ वेठबिगारीला बंदी घालतं, पण सार्वजनिक कामासाठी भेदभाव न करता सक्तीची सेवा घ्यायची मुभा सरकारला देतं. तरी ती घेतली नाही, हे बरंच झालं. आपल्याकडे महार वतनाच्या नावाखाली माणसांना पिढ्यान्‌पिढ्या गावासाठी राबवून घेतलं. ते वतन संपवायला १९५८ चा कायदा यावा लागला. त्या मातीत सक्तीच्या राबण्याला सेवा म्हणवत नाही.

'कर भरतो, मग सरकारचं काम आम्ही का करावं?' हा तुझा आक्षेप निम्मा खरा आहे. पगारी सफाई कामगार असताना फोटोपुरता झाडू मारणं ही त्याच्या कामाची थट्टाच. म्हणून जिथे माणूसच मिळत नाही, ते काम धर. अंध परीक्षार्थींना लेखनिक लागतो. प्रश्न शांतपणे, हवा तितक्या वेळा वाचून दाखवायचा. परीक्षार्थी सांगेल ते जसंच्या तसं उतरवायचं. उत्तर चुकतंय हे कळत असलं तरी आवाजातूनही ते जाणवू द्यायचं नाही. लेखनिक साधारणपणे परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी शिकलेला असावा लागतो. त्यामुळे पदवीच्या पेपरला तुझे पदवीधर आप्पा चालायचे नाहीत, बारावी झालेला तू चालशील. आप्पांनी घरी बसून पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करावीत. रक्तदानाला १८ ते ६५ ही वयाची अट आहे, वाचून दाखवायला कसलीच नाही.

राहिला वेळ. दोन वर्षांत २४० तास, म्हणजे आठवड्याला जेमतेम अडीच. एवढ्याने कोणाचा अभ्यास बुडत नाही. तेवढा वेळ तू रीलही बघत असशील. माझी खरी काळजी निराळी आहे. नाव घालणं तुझ्या मर्जीवर, पण एकदा परीक्षार्थीला हो म्हटलंस की मर्जी संपली. श्रमदानाला दांडी मारलीस तर बांध आठ दिवस उशिरा होईल. लेखनिक आयत्या वेळी आला नाही, तर समोरच्याचा पेपर जातो, कधी वर्षही. तेव्हा तुझं वेळापत्रक लागलं की मोकळे दिवस आधी बघ, आणि तेवढ्याच दिवसांचा शब्द दे. आप्पांना रेकॉर्डिंगचं विचारून ठेव. दुपारच्या झोपेआधी विचार, नंतर नको.

तुझा,
काका