कोल्हापूर–तिरुपती विमानाने: वेळ किती, खर्च किती

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाहून रेणीगुंट्याला, म्हणजे तिरुपतीच्या विमानतळाला, हवाई अंतर साधारण 650 किलोमीटर. थेट जाणारं विमान जेट असेल तर सव्वा तास, पंख्याचं एटीआर असेल तर दीड तासाच्या पुढे धरा. मात्र थेट विमान रोज मिळेलच असं नाही, हंगामागणिक वेळापत्रक बदलतं. हैदराबादमार्गे गेलात तर हेच अंतर साडेआठशेच्या वर जातं आणि पुढच्या विमानाची वाट बघण्यात दुपार जाते. तसं जायचंच असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसऱ्याचे पैसे बुडालेच म्हणून समजा.

घर ते तिरुमला हिशेब केला तर सव्वा तासाचे पाच-सहा तास होतात. विमानतळावर दीड-दोन तास आधी पोचायचं, उतरल्यावर बॅगेची वाट बघायची, आणि रेणीगुंट्याहून डोंगरावर जायला चाळीसेक किलोमीटर गाडी. पायथ्याशी अलिपिरीच्या तपासणीत रांग लागली की तासाचा दीड तास होतो. तरीही रेल्वेने, म्हणजे कोल्हापूर–तिरुपती हरिप्रिया एक्सप्रेसच्या वीसहून जास्त तासांपुढे हे काहीच नाही. चौघांचं कुटुंब असेल तर मात्र खर्च आवरायला मी जाताना विमान आणि येताना रेल्वे असा सौदा सुचवीन. परतीची घाई कुणाला असते?

भाड्याबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय: सरकारच्या ‘उडान’ योजनेत अडीच हजारांत तिकीट. 2017 साली योजना सुरू झाली तेव्हाचा हा दर तासाभराच्या प्रवासाचा आणि ठरावीक जागांपुरता होता. आज पडद्यावर दिसणाऱ्या मूळ भाड्यात विमानतळाचं शुल्क, सुरक्षा शुल्क, साध्या वर्गाचा 5 टक्के जीएसटी आणि बुकिंगचं शुल्क मिळवा. खिडकीची जागा निवडलीत की त्याचे पैसे वेगळे. म्हणून तुलना पैसे भरायच्या शेवटच्या पानावरच्या आकड्याची करा.

आधी तिरुमला देवस्थानचं 300 रुपयांचं दर्शन तिकीट काढा, मगच विमानाचं. उलट केलंत तर तारीख बदलण्याचा दंड ठरलेला.

सामानाची मर्यादा बहुतेक ठिकाणी 15 किलो, हातात 7. प्रसादाचा एक लाडू पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी वीस घेतले की साडेतीन किलो झाले. सुकं खोबरं ज्वलनशील मानतात, ते घरीच ठेवा.

पुरेशी पूर्वसूचना न देता कंपनीने विमान रद्द केलं, तर परतावा किंवा दुसरं विमान मिळतंच. शिवाय एक ते दोन तासांच्या उड्डाणाला 7,500 रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातली कमी रक्कम भरपाई मिळते. धुक्या-पावसाने रद्द झालं तर भरपाई नाही. तिकिटावर मोबाइल नंबर एजंटचा नको, स्वतःचा टाका. तो नसेल तर भरपाईवर हक्क सांगता येत नाही.