एका आगबोटीचा फेरा आणि पनामाचा कालवा

वाचकांनी अमेरिका खंडाचा नकाशा पुढे घ्यावा. नकाशा नसेल तर अंगणातील धुळीत काठीने दोन त्रिकोण काढून ते बारीक रेघेने जोडले तरी चालेल. ती रेघ म्हणजे पनामाची संयोगभूमी होय. तिची रुंदी पन्नास मैलांच्या आतबाहेर. परंतु तेवढ्यासाठी जहाजांना सबंध दक्षिण अमेरिकेला वळसा घालावा लागे.

1898 साली संयुक्त संस्थाने व स्पेन ह्यांच्यात क्यूबावरून युद्धाचा रंग दिसू लागला, तेव्हा 'ऑरेगॉन' ही मोठी लढाऊ आगबोट पॅसिफिक किनाऱ्यावर होती. ती 19 मार्च रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघाली आणि सुमारे 14,000 मैल चालून 24 मे रोजी फ्लोरिडास पोहोचली. तब्बल 66 दिवस! युद्ध तर ती वाटेवर असतानाच सुरू झाले होते.

युद्ध लवकरच आटोपले. त्याच वर्षी हवाई बेटे संयुक्त संस्थानांनी आपल्या राज्यास जोडली, आणि 10 डिसेंबरच्या पॅरिसच्या तहाने पोर्टो रिको, ग्वाम व फिलिपाईन बेटे त्यांच्याकडे आली. फिलिपाईनबद्दल स्पेनला 2 कोटी डॉलर मिळाले. तेथील लोकांना मात्र कोणी विचारले नाही. आता मुलूख दोन महासागरांत पसरला, आरमार एकच. कालव्याची कल्पना जुनीच होती, व फ्रेंचांचा प्रयत्न तापाने आणि दिवाळखोरीने 1889 साली बुडालाही होता. परंतु जी व्यापाऱ्यांची सोय होती ती आता राज्याची निकड झाली.

ती भूमी कोलंबियाची होती. तिच्या सिनेटने 1903 साली करार नाकारला. नोव्हेंबरात पनामाने बंड केले, अमेरिकन लढाऊ जहाजे जवळ उभी राहिली, आणि पंधरवड्यात नवा करार झाला. त्यावर पनामातर्फे सही केली ती एका फ्रेंच इंजिनियराने! हा व्यवहार आम्हांस सरळ वाटत नाही.

खोदकाम 1904 पासून दहा वर्षे चालले. डासांचा नाश केल्याने पीतज्वर हटला, तरी नोंदीप्रमाणे 5,609 माणसे मेली. त्यांतील सुमारे 4,500 वेस्ट इंडीज बेटांतील काळे मजूर होते. एकट्या बार्बेडोसहून सुमारे 20,000 गडी करारावर आले होते. गोऱ्या अमेरिकनांचा पगार सोन्याच्या नाण्यांत, ह्यांचा चांदीच्या; टपालाच्या खिडक्या व जेवणाच्या जागाही वेगळ्या.

15 ऑगस्ट 1914 रोजी कालवा खुला झाला. युरोपात तेव्हा महायुद्ध पेटले होते, म्हणून त्या वार्तेकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पनामाच्या लोकांच्या हाती तो 31 डिसेंबर 1999 रोजी आला.